गोव्याच्या डोंगरात एक आठवडा: पळायचं कुठे, चालायचं कुठे, आणि सगळं कसं ठरवायचं

गोव्यात डोंगर आहेत हे गोव्यातल्याच कितीतरी लोकांना पटवून द्यावं लागतं. पण नकाशा उघडून पूर्वेची बाजू बघा, उत्तरेला सत्तरीपासून दक्षिणेला काणकोणपर्यंत सह्याद्रीची सलग रांग आहे आणि तिचा बराचसा भाग अभयारण्यांत येतो. म्हादई २०८ चौरस किलोमीटर, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४०, नेत्रावळी २११, खोतीगाव ८६. सर्वोच्च शिखर म्हणून सोसोगडचं नाव घेतात, ११६६ मीटर. हिमालयवाल्यांना हे आकडे छोटे वाटतील, पण इथला चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि दमट हवेत होतो, त्यामुळे सहाशे मीटर चढलात की पाय त्याचा हिशोब बरोबर मागतात.

हा लेख कोणासाठी, तर जे पणजी-म्हापसा-मडगावात रोज रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर पळतात, कधीमधी एखादा ट्रेक करतात, आणि आता एक अख्खा आठवडा सुट्टी काढून डोंगरात घालवायचा म्हणतात त्यांच्यासाठी. पुणे-मुंबई-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनाही चालेल. माझं मत आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे: गोव्यात पळायचं ते गावाच्या कडेने, म्हणजे वाड्या, सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारं), काजूच्या बागा, धरणाकडचे रस्ते अशा ठिकाणी, आणि रानात शिरायचं ते चालत, गावातला माणूस सोबत घेऊन. अभयारण्यात कानात इअरफोन घालून एकट्याने धावणं मला कधीच पटलेलं नाही. गवा वळणापलीकडे उभा असतो, आपण धावत येतो, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो, आणि मग जे होतं त्यात चूक गव्याची नसते.

पहिलं काम: आठवडा निवडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, एवढाच काळ मी सुचवीन. ऑक्टोबरात रान हिरवंगार असतं खरं, पण उकाडा असह्य असतो आणि वाटा गवतात बुडालेल्या असतात. मार्चनंतर व्हाळ (रानातले ओढे) आटतात, सड्यावर सावली नाही, वर वणव्याची भीती. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात किती ठिकाणी आगी लागल्या होत्या ते आठवत असेलच.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न हमखास येतो कारण फोटो सगळे पावसाळ्यातले असतात. पहिल्याच मोठ्या आठवड्यासाठी पावसाळा नको. व्हाळाचं पाणी वर घाटात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही अर्ध्या तासात वाढतं, आणि आपण पलीकडच्या काठावर अडकतो. २०२३ च्या जुलैमध्ये माणसं बुडाल्यावर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदीच घातली होती, त्यामुळे पावसात जायचं असेल तर त्या वर्षीचे नियम काय आहेत ते खात्याकडून विचारूनच.

अजून एक, २० डिसेंबर ते ५ जानेवारी टाळा. डोंगरात तेव्हाही गर्दी नसते, पण टॅक्सी, खोल्या, रस्ते सगळं किनाऱ्याच्या गर्दीत सापडतं आणि भाडी दुप्पट होतात. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात छान, पहाटे सत्तरीत चक्क स्वेटर लागतो.

दुसरं काम: पायांची तयारी, निदान सहा आठवडे

रस्त्यावर पळणारे लोक दमाने कमी पडत नाहीत, ते उताराला मार खातात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि त्याचं दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त येतं. एका दिवसाच्या ट्रेकला हे चालून जातं कारण दुखतं तेव्हा आपण ऑफिसात बसलेलो असतो, पण आठवड्याच्या प्लॅनमध्ये सोमवारी उतरलात तर बुधवारी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं आणि गुरुवारचा डोंगर गेला. दिलासा असा की या दुखण्याची लस असते, एकदा बऱ्यापैकी उतार पळून पाय दुखवून घेतले की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढ्याच उताराला खूप कमी दुखतात. म्हणून तयारीत चढापेक्षा उताराकडे जास्त लक्ष द्या.

पणजीत राहणाऱ्यांना आल्तिनो आहे, मडगावात मोंतीची टेकडी आहे, फोंड्याकडे तर जिथे जाल तिथे चढच. आठवड्यातून एकदा चढावर जोरात चालत जा, उतारावर छोटी छोटी पावलं टाकत पळत या, सहापासून सुरू करून दहा फेऱ्यांपर्यंत न्या. पाऊल पुढे लांब टाकून टाचेवर आपटायचं नाही, गुडघा किंचित वाकलेला, नजर तीन-चार मीटर पुढे.

आणि शनिवार-रविवार जोडून करा. शनिवारी दोन-अडीच तास डोंगर, रविवारी थकलेल्या पायांनी दीड तास हळू पळणं. केप्याकडचा पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर यासाठी फार चांगला, साधारण साडेतीनशे मीटर उंच, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, डांबरी रस्ताही आहे आणि पायऱ्याही आहेत, म्हणजे चढ-उताराचा सराव वाट चुकण्याच्या भीतीशिवाय होतो. सकाळी लवकर गेलात तर रस्ता जवळजवळ रिकामा असतो. फक्त देवस्थान आहे हे लक्षात ठेवून वर पोचल्यावर अंगात शर्ट असू द्या.

शेवटचा आठवडा मात्र निम्म्यावर आणा, उतार पूर्ण बंद. त्या आठवड्यात काही नवीन कमावता येत नाही.

तिसरं काम: अंतर विसरा, तास मोजा

"उद्या चौदा किलोमीटर आहेत" या वाक्यातून डोंगरात काहीच कळत नाही. जुना हिशोब आहे, १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. म्हणजे १०० मीटरला १० मिनिटं. तर चौदा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर २ तास ४८ मिनिटं अधिक १ तास, झाले पावणेचार. हा थंड देशातला हिशोब, त्यात थांबणं नाही, फोटो नाहीत, वाट शोधणं नाही. गोव्याच्या हवेसाठी मी त्यात सरळ तिसरा हिस्सा वाढवतो, म्हणजे पाच तास.

आता घड्याळ लावा. जानेवारीत पावणेसातला नीट दिसायला लागतं, सातच्या सुमारास सूर्य वर येतो, संध्याकाळी सव्वासहाला मावळतो. पावणेसातला निघालात तर पाच तासांचा डोंगर पावणेबाराला संपतो. माझा नियम असा की अकरापर्यंत उघड्या सड्यावरून खाली यायचं आणि बारापर्यंत गावात पोचायचं. जांभ्या दगडाचा सडा एकदा तापला की वरून ऊन आणि खालून धग, वारं नाही, आणि दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून अंग थंडही होत नाही. त्यामुळे पाच तासांपेक्षा मोठा दिवस आठवड्यात एकच ठेवा, तोही बराचसा झाडीतून जाणारा. अंधार असताना लवकर निघून वेळ वाचवू असं वाटेल, पण पहाटेचा आणि संध्याकाळचा अंधुक वेळ जनावरांच्या फिरण्याचा असतो, तेव्हा उजाडल्याशिवाय रानात पाय नको.

आठवड्याचं एकूण गणितही तासांत करा. एरवी आठवड्याला पाच तास पळत असाल तर या आठवड्यात सगळं मिळून बारा-तेरा तास हालचाल पुष्कळ झाली. वीस तासांचे प्लॅन कागदावर देखणे दिसतात, चौथ्या दिवशी मोडतात.

चौथं काम: परवानगी आणि माणूस

इथे लोक सगळ्यात जास्त आळस करतात आणि इथेच सगळा आठवडा अडतो. जिथे जिथे अभयारण्य आहे तिथे त्या त्या रेंजच्या वन कार्यालयातून प्रवेश घ्यायचा, तिकीट काढायचं, कुठल्या वाटेला जाणार ते सांगायचं. काही वाटा उघड्या असतात, काहींना आधी अर्ज लागतो, काही मधूनच बंद करतात. निदान पंधरा दिवस आधी फोन करा, आणि फोनवर "हो हो या" एवढं ऐकून निघू नका, कोणाशी बोललात ते लिहून ठेवा. अभयारण्याच्या आत तंबू ठोकायचा, ड्रोन उडवायचा, कुत्रा न्यायचा वगैरे विचार डोक्यातूनच काढा.

वाटाड्या गावातलाच घ्या. सत्तरीत, नेत्रावळीत, खोतीगावात माणसं आहेत ज्यांचं लहानपण त्याच वाटांवर गेलंय, ढोरं चारायला, काजू गोळा करायला. त्यांना जीपीएस लागत नाही, आणि कुठल्या व्हाळावर आज सकाळी गवे उतरले होते हेही त्यांनाच माहीत असतं. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका, त्याचं जेवण-पाणी तुमच्याकडून. आणि तो म्हणाला "आज नको, परत जाऊया", तर परत फिरायचं, तिथे चर्चा नाही.

देवाच्या रायांबद्दलही सांगायला हवं. सत्तरीत अशा देवराया बऱ्याच आहेत, बांबरची निरंकाराची राय त्यातली एक, दलदलीत वाढणाऱ्या रानजायफळाच्या झाडांसाठी अभ्यासक तिथे येतात, त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर येतात आणि त्यांच्यातूनच झाड श्वास घेतं. त्या मुळांवर पाय देऊन उड्या मारत जायचं ठिकाण नाही ते. गावात विचारायचं, चपला-बूट कुठे काढायचे ते विचारायचं, मग जायचं.

पाचवं काम: मुक्काम दोन, फार तर तीन

रोज नवं गाव करू नका. डोंगर एकाच रांगेतले असले तरी त्यांना जोडणारा आडवा रस्ता नाही, दर वेळी खाली उतरून वळसा घालावा लागतो. पणजीहून सत्तरीतल्या वाळपईला दीड तास, वाळपईहून मोलेला सव्वा तास धरा, मोलेहून सांगेमार्गे नेत्रावळी दीड-दोन तास. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसेस या गावांपर्यंत जातात पण दिवसाला मोजक्याच, आणि परतीची शेवटची बस फार लवकर सुटते, सकाळी उजाडायच्या वेळेला डोंगराच्या पायथ्याशी पोचायचं तर बसवर भागत नाही. चौघे मिळून आठवड्याची गाडी केली तर परवडतं. वाळपई-केरी भागात तीन रात्री, मोले-साकोर्डा बाजूला एक किंवा दोन, आणि उरलेल्या नेत्रावळी-काणकोणला, असं मी करतो.

आता दिवसांची मांडणी

रविवारी सुरू करा. धबधब्यांवर शनिवार-रविवार गर्दी असते, ती ठिकाणं मधल्या वारी येतील असं बसवायचं.

रविवार, सत्तरी. सकाळी पोचून सामान टाका, चार वाजता केरीच्या बाजूला अंजुणे धरणाकडे पाऊण तास अगदी हळू पळा, सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढंच. पाय मोकळे करणं आणि हवा ओळखणं एवढाच हेतू. चोर्ला घाटाच्या मुख्य रस्त्यावर मात्र पळू नका, ट्रक आणि बेळगावच्या गाड्या वळणावर अंगावर येतात.

सोमवार, आठवड्यातला मोठा डोंगर. पाय ताजे आहेत तोवरच तो करून टाकायचा, शेवटी ठेवायचा नाही. वाघेरी, मोर्लेगड किंवा सोसोगड, यातलं काय करायचं ते परवानगी आणि वाटाड्यावर ठरेल. पहिल्यांदाच येणाऱ्यांनी सोसोगडचा हट्ट धरू नये, तो लांब आहे आणि आतल्या रानातला आहे. वर जाताना हात मांडीवर टेकवून संथ चाल, दर पाऊण तासाला थांबून खाणं, माथ्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. उतरताना जांभ्याची बारीक खडी असते ना, लाल, गोल, ती बुटाखाली गोट्यांसारखी सरकते. तिच्यावर ब्रेक मारायला गेलात की पडलात. वजन थोडं पुढे, पावलं छोटी, आणि शक्यतो वाटेच्या कडेला गवत किंवा पक्का दगड आहे तिथे पाय टाका.

मंगळवार, तासभर चालणं, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) बघा, दुपारी झोपा. पळणं नाही.

बुधवारी सकाळी लवकर मुक्काम हलवा आणि तांबडी सुर्लाला जा. कदंब काळातलं महादेवाचं देऊळ, बारा-तेराव्या शतकातलं, जांभ्या दगडाच्या प्रदेशात काळ्या बेसॉल्टमध्ये घडवलेलं, बाजूने रगाडो नदी. बहुतेक लोक देऊळ बघून परत जातात. मागच्या रानातून धबधब्याकडे वाट जाते, ती वनखात्याची परवानगी घेऊन चालत करा, दगडांवरून आणि पाण्यातून जाते त्यामुळे अंतर कमी असलं तरी वेळ खाते. त्याआधी साकोर्ड्याच्या बाजूच्या गावरस्त्यांवर सकाळी तासभर पळून घेता येतं.

दूधसागर बघायचाच असेल तर गुरुवारी सकाळी कुळ्याहून, रीतसर मार्गाने. ३१० मीटरवरून पडणारं पाणी जानेवारीतही बघण्यासारखं असतं. पण रेल्वे रुळांवरून चालत जाण्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नका, रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते. नसेल बघायचा, तर गुरुवार पूर्ण विश्रांती. मला विचाराल तर विश्रांतीच घ्या, संध्याकाळी नेत्रावळीला पोचून गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी बघा, पायऱ्यांवर बसा, पाण्यातून बुडबुडे वर येत राहतात, तळ्यात उतरू नका.

शुक्रवार, नेत्रावळी. सावरी धबधबा जवळ, मैनापी आत आणि चढाचा. दोन्ही एका दिवशी करण्याची घाई कशाला, मैनापीला वाटाडा घेऊन सावकाश जा. डबक्यात पोहायचा मोह होतो, पण धबधब्याखालची डोहं वरून शांत दिसतात आणि आत किती खोल आहेत ते कळत नाही, काठावर बसून पाय भिजवणं पुरे. ज्यांना चढावर पळायचंय त्यांनी त्याऐवजी वेर्लेकडचा रस्ता धरा, उंचावरचं गाव, थंड हवा, तिथे लोक स्ट्रॉबेरी पिकवतात, रस्ता वळणावळणाचा आणि सकाळी सुनसान.

शनिवार, खोतीगाव. १९६८ पासूनचं अभयारण्य, झाडी उंच, चढ कमी, थकलेल्या पायांना बरं. गेटवर तिकीट काढून निसर्गवाटांवर दोन-तीन तास चाला, मचाणावर थोडा वेळ गप्प बसा. कुस्केच्या बाजूला वेळीप या आदिवासी लोकांची वस्ती आहे, त्यांच्या अंगणातून वाट गेली असली तरी आवाज देऊन, विचारून जावं. दुपारी पाळोळे नाहीतर गालजीबागच्या पाण्यात कमरेइतकं उभं राहा, दुखऱ्या पायांना याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

आठवडाभर रोज सकाळी उठल्या उठल्या दोन गोष्टी बघा, अंथरुणातच नाडी मोजा आणि मग जिना उतरून बघा. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त किंवा जिना उतरताना गुडघा एका बाजूने टोचतोय, तर त्या दिवशीचं पळणं चालण्यात बदला. दोन्ही पाय सारखे दुखणं म्हणजे काम झाल्याचं दुखणं, एकाच ठिकाणी टोचणं म्हणजे थांबा.

पाणी आणि खाणं

आपल्याला किती घाम येतो हे घरीच मोजता येतं. पळायच्या आधी वजन करा, तासभर पळा, घाम पुसून पुन्हा करा. समजा ६४ किलोचे ६२.९ झालात आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर तासाला १.६ लिटर घाम गेला. तेवढं सगळं पाणी परत प्यायलाच हवं असं नाही, पोटात मावणारही नाही, पण चार तासांच्या डोंगराला एक लिटरची बाटली घेऊन निघणं किती अपुरं आहे ते यावरून कळतं. तीन लिटर घ्या. त्यातलं एक लिटर ओआरएसचं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो की पाणी कमी पडलं म्हणून अजून पितो. कोकमाचं सरबत मीठ घालून, हे इथल्या हवेला सगळ्यात छान पेय, खाली उतरल्यावर प्यावं.

व्हाळाचं पाणी कितीही नितळ असो, फिल्टर किंवा क्लोरीनची गोळी टाकल्याशिवाय नाही. वर ढोरं असतात.

खाण्याला गावातल्यासारखं दुसरं नाही. सकाळी निघताना नाचणीचं तिजण, पोटाला हलकं आणि तीन तास पुरतं. परत आल्यावर उकड्या तांदळाची पेज, लोणचं, सोबत सुकं काहीतरी. थंडीत करांदे, कणगी असले कंद उकडलेले मिळाले तर सोडू नका. वाटेत खजूर, शेंगदाण्याची चिक्की, केळी, पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) पोईत, म्हणजे गव्हाच्या पावात घातलेली सुकी भाजी. विकतचे जेल आवडत असतील तर घ्या, पण आधी घरी खाऊन बघितलेलेच.

रानातले धोके, जे खरे आहेत ते

वाघ-बिबट्याबद्दल सगळे विचारतात. माझ्या लेखी क्रम असा: ऊन, पाय घसरणं, गोचीड, मधमाश्या, गवा, आणि मग साप.

गोचीड वर का, तर ती चावून होणाऱ्या माकडतापामुळे. २०१५ पासून सत्तरीत या तापाचे रुग्ण सापडलेत, आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या ट्रेकचा. घाबरून घरी बसायचं कारण नाही पण शिस्त हवी. जायच्या आधी त्या भागातल्या आरोग्य केंद्राला विचारा की सध्या कुठल्या गावात रुग्ण आहेत, तिथली रानं टाळा. फुल पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, फिक्या रंगाचे कपडे म्हणजे गोचीड दिसते. पाचोळ्यात बसायचं नाही. खाली आल्यावर लगेच कपडे बदलून गरम पाण्याने साबण लावून आंघोळ, काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल ओतणं, चटका देणं असलं काही नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

खाजकुयलीही लक्षात ठेवा. थंडीत तिच्या सोनेरी लव असलेल्या शेंगा वाटेवर लोंबत असतात, नुसता वाऱ्याने स्पर्श झाला तरी अंग पेटतं. खाजवायचं नाही, चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ती लव उपटून काढायची आणि मग धुवायचं. पातळ लांब बाह्यांचा शर्ट यासाठीच हवा.

मधमाश्यांची पोळी कड्यांना असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. गवा दिसला की थांबा, त्याला जायला वाट आहे ना ते बघा, हळू मागे सरका. पिल्लू असेल तर जास्तच लांब.

साप चावला तर पळायचं नाही, बांधायचं नाही, कापायचं नाही. ज्या हातापायाला चावला तो हलणार नाही असा आधार द्या, अंगठी-घड्याळ काढा, उचलून खाली आणा, १०८ ला फोन. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, रानातल्या चापड्याला (हाही विषारी सापच) ते लागू नाही, म्हणून सापाला मारत-पकडत बसण्यात वेळ घालवू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक. उन्हाने कोणी बडबडायला लागला, तोल जायला लागला, तर आधी सावली, अंगावर पाणी, वारा, मग गाडी. थंड करणं सगळ्यात आधी.

मोबाईलची रेंज आत बहुतेक ठिकाणी नसते. ऑफलाइन नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (जीपीएसने नोंदलेली वाट) दोन फोनमध्ये हवी. आणि मुक्कामाच्या घरी एक कागद ठेवा: कुठली वाट, किती जण, वाटाड्याचं नाव, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर ११२ ला फोन करायचा. तो आकडा ठरवून लिहा, "संध्याकाळपर्यंत" असं नको.

पाठीवर काय

बारा-पंधरा लिटरची पाठपिशवी पुरे. खोल नक्षीच्या तळव्याचे, पाणी लवकर सोडणारे बूट, निदान शंभर किलोमीटर वापरलेले, नवे कोरे नकोत. मोज्यांचा एक जोड जास्त. हेडलॅम्प, दिवसाच्या ट्रेकलाही. शिट्टी, क्रेप बँडेज, चिमटा, चिकटपट्टी, ओआरएस. उतारासाठी काठी, दोन असतील तर उत्तम, गुडघ्यांवरचा बराच भार हातांवर येतो. स्टोव्ह मी नेत नाही, वाळक्या गवतात एक ठिणगी म्हणजे अख्खा सडा गेला.

घरी परतल्यावर दहा दिवस ताप आणि अंगदुखीकडे लक्ष ठेवा. माकडताप साधारण तीन ते आठ दिवसांनी डोकं वर काढतो, आणि पायाला जखमा असताना साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर लेप्टोस्पायरोसिसचीही शक्यता असते. ताप आलाच तर थकवा म्हणून गोळी घेऊन झोपू नका, डॉक्टरकडे जा आणि पहिलंच वाक्य हे सांगा की अमुक तारखेला अमुक रानात होतो. पळायला पुन्हा सुरुवात एका आठवड्याने, सपाटीवर, वीस-पंचवीस मिनिटं. आणि वाटाड्याला त्याचे फोटो पाठवायचे कबूल केले असतील तर ते तेवढ्यातच पाठवून टाका.